‘आहे’ दिसले की ‘आयएनजी’ लावायचे का?

वाचकाचे पत्र

मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात निर्यातीचे काम पाहते. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे आणि परदेशी खरेदीदारांना ई-मेल लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. अलीकडे मी एका खरेदीदाराला ‘वुई आर सेंडिंग द सॅम्पल्स’ असे लिहिले. वास्तविक नमुने आधीच कुरिअरने गेले होते, परंतु त्याने उलट विचारले की अजून पाठवलेच नाहीत का. त्यानंतर मालकांनी माझे जुने ई-मेल काढून दाखवले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक वाक्यात क्रियापदाला ‘आयएनजी’ लावलेले होते. तेव्हापासून मी ‘आयएनजी’ लिहिणेच सोडून दिले आहे, पण आता माझी वाक्ये मलाच तुटक वाटतात. ‘आयएनजी’चा हा चालू काळ नेमका केव्हा वापरावा आणि केव्हा वापरू नये? शिवाय ई-मेलच्या शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर’ लिहावे की ‘हिअरिंग’? काही ई-मेल सोबत पाठवत आहे.

उत्तर

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार. सर्वप्रथम एक विनंती करतो. ‘आयएनजी’ न लिहिण्याचा तुमचा निर्णय कृपया आजच मागे घ्या. व्यापारी पत्रव्यवहारात चालू काळावाचून पान हलत नाही, कारण आपला माल या घडीला कोणत्या टप्प्यावर आहे हे दूरच्या खरेदीदाराला त्याच काळावरून कळते. तुम्ही पाठवलेले ई-मेल मी लक्षपूर्वक वाचले. त्यांत चालू काळ जेथे योग्य आहे तेथे तो तुम्ही अगदी बिनचूक लिहिला आहे. अडचण एवढीच की तो जेथे नको आहे तेथेही आला आहे, आणि या दोन्ही जागा वेगळ्या कशा ओळखाव्यात हे तुम्हांला कोणी नीट सांगितलेले दिसत नाही.

ही सवय कोठून लागते हे कळले की ती मोडणे सोपे जाते. मराठीत ‘आहे’ हे एकच क्रियापद अनेक कामे करते. ‘मला दोन भाऊ आहेत’ यात ते नाते सांगते, ‘आमच्याकडे साठ माग आहेत’ यात मालकी सांगते, ‘मला माहीत आहे’ यात ज्ञान सांगते आणि ‘माल भरला जात आहे’ यात चालू असलेले काम सांगते. शाळेत ‘करत आहे’ म्हणजे चालू वर्तमानकाळ असे आपण पाठ केलेले असते, त्यामुळे पुढे मराठी वाक्यात ‘आहे’ ऐकू आले की हात आपोआप ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’ लिहितो आणि मागोमाग ‘आयएनजी’ जोडतो. त्यातूनच ‘वुई आर हॅविंग सिक्स्टी लूम्स’ किंवा ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग युवर मेल’ अशी वाक्ये तयार होतात, आणि ती तुमच्या ई-मेलमध्येही आहेत. आपल्या शहरात असंख्य घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते, आणि त्या भाषांतही ‘मला दोन भाऊ आहेत’ याच धाटणीने नाते सांगितले जाते. म्हणून तुमच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याची मातृभाषा वेगळी असली तरी वाक्य मात्र हेच येते. चालू काळाचा असा वाढीव वापर हे भारतीय इंग्रजीचे एक ठळक वैशिष्ट्य म्हणून भाषाशास्त्रज्ञांनी नोंदवलेले आहे, तेव्हा यात कमीपणा वाटून घेण्यासारखे काहीही नाही. तथापि तुमचा वाचक परदेशी खरेदीदार आहे आणि तो त्या काळाचा जो अर्थ घेतो तोच व्यवहारात धरला जातो.

म्हणून यापुढे मराठी वाक्यात ‘आहे’ आहे की नाही हे पाहू नका. त्याऐवजी वाक्यातील कामाविषयी एक प्रश्न विचारा: मी ज्या वेळेबद्दल लिहीत आहे त्या वेळी हे काम सुरू झालेले, पण न संपलेले, आणि पुढे केव्हातरी संपणारे आहे का? उत्तर ‘होय’ असेल तर चालू काळ लिहावा. काम संपून गेले असेल, ते नेहमीचेच असेल, किंवा ते मुळात काम नसून स्थिती असेल, तर लिहू नये. या कसोटीला थोडे अपवाद आहेत, ते पुढे येतील. परंतु तुमच्या ई-मेलमधील बहुतेक चुका एवढ्यानेच निघून जातील.

रचनेबद्दल मी फार लिहीत नाही, कारण ती तुम्हांला येते. कर्त्याप्रमाणे ‘ॲम’, ‘इज’ किंवा ‘आर’, भूतकाळासाठी ‘वॉज’ किंवा ‘वेअर’, भविष्यासाठी ‘विल बी’, आणि त्यापुढे क्रियापदाचे ‘आयएनजी’ लागलेले रूप. नकारात ‘नॉट’ मध्ये येते, तर प्रश्नात ‘आर’ कर्त्याच्या आधी जाते. घाईत तुम्ही दोन ठिकाणी ‘वुई सेंडिंग द इनव्हॉइस’ असे लिहिले आहे. तेथे ‘आर’ गळल्यामुळे वाक्याला क्रियापदच उरलेले नाही. ‘आयएनजी’ एकट्याने काळ दाखवू शकत नाही, ते काम त्याच्या आधीचे ‘आर’ करते. ‘वीव्हिंग इज आवर फॅमिली बिझनेस’ या वाक्यात ‘वीव्हिंग’ हे विणकाम या अर्थाचे नाम आहे आणि तेथे चालू काळाचा संबंधच नाही, हेही यावरून लक्षात येईल.

शुद्धलेखनाकडे मात्र थोडे थांबून पाहू, कारण तुमच्या धंद्यातील शब्दांत त्याचे जवळजवळ सगळे नियम भेटतात. शेवटी उच्चार न होणारे ‘ई’ असेल तर ते गळते, म्हणून ‘वीव्ह’चे ‘वीव्हिंग’ लिहिताना ‘ई’ राहत नाही. एका अवयवाच्या, म्हणजे एकाच झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या, शब्दात एकच स्वर आणि त्यापुढे एकच व्यंजन असेल तर ते व्यंजन दुप्पट होते: ‘कटिंग’मध्ये दोन ‘टी’, टॉवेलच्या कडा शिवण्याच्या ‘हेमिंग’मध्ये दोन ‘एम’, ‘शिपिंग’मध्ये दोन ‘पी’. ‘लोडिंग’मध्ये स्वर दोन आहेत आणि ‘पॅकिंग’मध्ये शेवटची व्यंजने दोन आहेत, म्हणून तेथे काहीच दुप्पट होत नाही. शब्द मोठा असेल तर आघात, म्हणजे उच्चारातील जोर, कोठे आहे ते पाहावे. ‘रेफर’चा आघात शेवटी आहे म्हणून ‘रेफरिंग’मध्ये ‘आर’ दुप्पट होतो. ‘ऑफर’चा आघात सुरुवातीला आहे म्हणून ‘ऑफरिंग’मध्ये तो एकच राहतो. ‘लेबलिंग’ आणि ‘कॅन्सलिंग’ यांत ब्रिटिश पद्धतीने दोन ‘एल’ आणि अमेरिकन पद्धतीने एक ‘एल’ लिहितात. खरेदीदार ज्या देशाचा असेल ती पद्धत धरावी आणि एकाच पत्रात दोन्ही पद्धती येऊ देऊ नयेत.

यातला एक शब्द तुम्ही कधीही चुकवू नये. सूत रंगवण्याचे क्रियापद ‘डाय’ हे डी, वाय, ई असे लिहितात, आणि त्याला ‘आयएनजी’ लावताना शेवटचे ‘ई’ नियमाविरुद्ध तसेच ठेवतात. तो अपवाद मुद्दाम राखलेला आहे, कारण मरणे या अर्थाच्या ‘डाय’चे शेवटचे दोन स्वर जाऊन त्यांच्या जागी ‘वाय’ येतो आणि ते रूप डी, वाय, आय, एन, जी असे होते. ‘ई’ गळला की दोन्ही शब्द एकसारखे होतात. तुमच्या एका ई-मेलमध्ये ‘वुई आर डाइंग युवर यार्न’ या वाक्यात हे ‘ई’ लिहायचे राहून गेले आहे. खरेदीदाराला संदर्भावरून अर्थ कळला असेल, पण रंगाईचा व्यवसाय करणाऱ्या कारखान्याच्या पत्रात हा शब्द चुकणे बरे दिसत नाही. संगणकाची तपासणी येथे मदत करीलच असे नाही, कारण दोन्ही रूपे शब्दकोशात आहेत.

आता वापराकडे येऊ. तुमच्या प्रत्येक पत्राच्या आरंभी कारखान्याची ओळख म्हणून ‘वुई आर मॅन्युफॅक्चरिंग टेरी टॉवेल्स अँड चादर्स’ असे वाक्य आहे. इंग्रजी वाचकाला त्यातून असे सूचित होते की सध्या टॉवेल विणत आहोत, पूर्वी कदाचित दुसरे काही करत होतो आणि पुढे काय करू ते सांगता येत नाही. जो व्यवसाय हीच कारखान्याची ओळख आहे, तो ‘वुई मॅन्युफॅक्चर टेरी टॉवेल्स’ असा साध्या वर्तमानकाळात सांगावा. याउलट त्याच खरेदीदाराने ‘माझ्या मालाचे कुठवर आले’ असे विचारले तर ‘वुई मॅन्युफॅक्चर युवर ऑर्डर’ हे वाक्य निरुपयोगी ठरते. तेथे ‘वुई आर मॅन्युफॅक्चरिंग युवर ऑर्डर’ हेच लिहायला हवे, कारण त्याची ऑर्डर मागावर चढलेली आहे, उतरलेली नाही, आणि काही दिवसांनी ती उतरणार आहे. एकच क्रियापद, एकच कर्ता, एकच कारखाना, पण एक वाक्य कायमचे आहे आणि दुसरे या आठवड्याचे आहे. हा फरक एकदा मनात ठसला की उरलेले बरेचसे आपोआप जमते. ‘ही वर्क्स इन द डाइंग सेक्शन’ म्हणजे तो रंगाई विभागातला कामगार आहे, आणि ‘ही इज वर्किंग इन द डाइंग सेक्शन’ म्हणजे एरवी तो दुसरीकडे असतो, तूर्त त्याला तेथे बसवले आहे.

रोजच्या सवयीबाबतही मराठी आपल्याला चकवते. ‘आम्ही दर शनिवारी साठा मोजत असतो’ हा मराठीत रीतिवर्तमानकाळ आहे. त्यातील ‘मोजत’ ऐकून ‘वुई आर चेकिंग द स्टॉक एव्हरी सॅटर्डे’ लिहिले जाते. इंग्रजीत येथे साधा काळच हवा: ‘वुई चेक द स्टॉक एव्हरी सॅटर्डे’. ‘एव्हरी’, ‘युज्वली’, ‘ऑफन’ यांसारखा शब्द वाक्यात असेल तर ‘आयएनजी’ लिहिण्यापूर्वी एकदा थांबावे. ‘ऑलवेज’बद्दल विशेष सावध राहावे. ‘यू आर ऑलवेज चेंजिंग द शेड’ हे व्याकरणाने शुद्ध आहे, पण त्यात ‘तुम्ही सारखी रंगछटा बदलत असता’ असा त्रासिक सूर आहे, आणि खरेदीदाराला तो लगेच जाणवतो.

स्थिती दाखवणारी क्रियापदे हा या विषयातील सर्वांत मोलाचा भाग आहे. ‘नो’, ‘अंडरस्टँड’, ‘वाँट’, ‘नीड’, ‘बिलीव्ह’, ‘ओन’, ‘बिलाँग’, ‘कंटेन’, ‘कन्सिस्ट’, ‘कॉस्ट’ आणि मालकीच्या अर्थाचे ‘हॅव’ यांत कोणी काही करत नसतो, फक्त एक अवस्था असते. तिला सुरुवात, मध्य आणि शेवट असे टप्पे नसल्यामुळे सामान्यतः चालू काळ लागत नाही. म्हणून ‘वुई हॅव सिक्स्टी लूम्स’, ‘आय डू नॉट अंडरस्टँड युवर मेल’ आणि ‘ईच कार्टन कंटेन्स ट्वेंटी फोर पीसेस’ ही वाक्ये बरोबर आहेत.

परंतु ही यादी डोळे मिटून पाठ करू नये, कारण यातली काही क्रियापदे एका अर्थाने स्थिती आणि दुसऱ्या अर्थाने कृती दाखवतात. ‘वे’ हे क्रियापद घ्या. ‘द टॉवेल वेज फाइव्ह हंड्रेड ग्रॅम्स’ यात वजन हा टॉवेलचा गुण आहे आणि टॉवेल स्वतः काही करत नाही. ‘वुई आर वेइंग द बेल्स’ यात मात्र दोन माणसे गाठोडी काट्यावर चढवत आहेत, काम अर्धे झाले आहे आणि अर्धे बाकी आहे. तसेच ‘आय थिंक द प्राइस इज फेअर’ हे मत आहे, तर ‘वुई आर थिंकिंग अबाउट युवर ऑफर’ हा अजून न संपलेला विचार आहे. ‘हॅव’देखील मालकी सोडून दुसऱ्या अर्थाने आले की चालू काळ खुशाल घेते: ‘वुई आर हॅविंग अ मीटिंग’ शुद्ध आहे आणि ‘वुई आर हॅविंग अ प्रॉब्लेम विथ द बॉयलर’ हेही शुद्ध आहे, कारण बॉयलरची अडचण तात्पुरती असून तिच्यावर उपाय सुरू आहे. मालकांनी ‘हॅविंग’ हा शब्दच चूक आहे असे सांगितले असेल, तर हे वाक्य त्यांना आदराने दाखवावे.

ज्या ई-मेलने तुम्हांला मनस्ताप झाला, त्याकडे आता वळू. नमुने कुरिअरने निघून गेले होते. तुम्ही ‘वुई आर सेंडिंग द सॅम्पल्स’ लिहिले आणि खरेदीदाराने त्याचा जो सरळ अर्थ होतो तोच घेतला, की पाठवण्याचे काम अजून व्हायचे आहे. बोलताना ‘नमुने पाठवतोय’ असे आपण काम उरकल्यावरही म्हणून जातो, आणि ऐकणाऱ्याला ते चालते. लेखी इंग्रजीत काम झाले असेल आणि दिवस सांगायचा नसेल तर ‘वुई हॅव सेंट द सॅम्पल्स’, दिवस सांगायचा असेल तर ‘वुई सेंट द सॅम्पल्स ऑन मंडे’ असे लिहावे. ‘हॅव सेंट’च्या पुढे ‘यस्टर्डे’ किंवा ‘ऑन मंडे’ लिहू नये. माझ्या मते तुमच्या कामात हा एकच फरक इतर सर्व चुकांपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. ‘वुई आर हॅविंग सिक्स्टी लूम्स’ वाचून खरेदीदाराला तुमचे माग साठ आहेत हे कळतेच. पण ‘वुई आर डिस्पॅचिंग द गुड्स’ आणि ‘वुई हॅव डिस्पॅच्ड द गुड्स’ यांत माल तुमच्या गोदामात आहे की रस्त्यावर आहे एवढे अंतर आहे, आणि त्यावर त्याचे पुढचे वेळापत्रक अवलंबून असते.

‘आम्ही 1998 पासून टॉवेल बनवत आहोत’ हे मराठी वाक्यही असेच फसवे आहे. मराठीत येथे वर्तमानकाळ चालतो, म्हणून ‘वुई आर मेकिंग टॉवेल्स सिन्स 1998’ लिहिले जाते. मागे सुरू होऊन आजपर्यंत चालत आलेल्या कामासाठी इंग्रजीत चालू पूर्ण वर्तमानकाळ लागतो: ‘वुई हॅव बीन मेकिंग टॉवेल्स सिन्स 1998’. आरंभाचा क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’ आणि कालावधी सांगायचा असेल तर ‘फॉर’. तुमच्या ई-मेलमधील ‘सिन्स ट्वेंटी इयर्स’ या शब्दांत ट्वेंटी इयर्स हा कालावधी आहे, त्यामुळे तेथे ‘फॉर ट्वेंटी इयर्स’ हवे. क्रियापद स्थितीचे असेल तर येथेही ‘आयएनजी’ जाते, म्हणजे ‘वुई हॅव हॅड दीज मशीन्स सिन्स 2015’. याच काळाचा दुसरा उपयोग म्हणजे अपुरे काम सांगणे. ‘वुई हॅव बीन पॅकिंग युवर ऑर्डर सिन्स मंडे’ असे वाचल्यावर बांधणी सोमवारपासून चालू आहे आणि उरकलेली नाही हे खरेदीदार ओळखतो, तर ‘वुई हॅव पॅक्ड युवर ऑर्डर’ वाचल्यावर तो गाडीची व्यवस्था करायला लागतो.

‘द गुड्स आर पॅकिंग’ हे वाक्य तुमच्या पत्रांत वारंवार येते. माल स्वतःला बांधत नाही, तो बांधला जातो, म्हणून ‘द गुड्स आर बीइंग पॅक्ड’ असे हवे: आधी ‘आर’, मग ‘बीइंग’, मग क्रियापदाचे तिसरे रूप. गंमत म्हणजे इंग्रजीतच एके काळी ‘द हाउस इज बिल्डिंग’, म्हणजे घर बांधले जात आहे, अशी रचना रूढ होती. ‘इज बीइंग बिल्ट’ हा प्रकार 18व्या शतकाच्या अखेरीस लेखनात दिसू लागला आणि 19व्या शतकातील कित्येक व्याकरणकारांनी त्याला बोजड म्हणून विरोधही केला. आज मात्र तोच प्रमाण आहे. सूत रंगवले जात आहे, डबे भरले जात आहेत, कागदपत्रे तयार केली जात आहेत, या तुमच्या रोजच्या वाक्यांना हीच रचना लागेल, म्हणून ती जिभेवर रुळेपर्यंत मोठ्याने म्हणावी.

भूतकाळात हा काळ पार्श्वभूमी उभी करतो. आपल्या सोलापुरात 1910 मध्ये जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि 1942 मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. ‘ही वॉज वर्किंग इन चायना व्हेन ही डाइड’ असे लिहिले की काम चालू असतानाच मृत्यू आला हे दोन काळांच्या जोडीतून स्पष्ट होते. लांब पसरलेल्या कामाला ‘वॉज वर्किंग’ आणि त्यात अचानक घडलेल्या घटनेला ‘डाइड’. कारखान्यात याचा उपयोग तक्रारीला उत्तर देताना होतो. ‘व्हेन द पॉवर फेल्ड, द लूम्स वेअर रनिंग’ म्हणजे वीज गेली तेव्हा माग चालू होते, आणि कापडात आडवी रेघ का उमटली याचे कारण त्यात येते. ‘व्हेन द पॉवर फेल्ड, द लूम्स स्टॉप्ड’ म्हणजे वीज गेल्यावर माग थांबले. दोन्ही वाक्ये खरी असू शकतात, पण खुलासा पहिल्याने होतो. मात्र ‘पूर्वी आम्ही फक्त चादरी विणत होतो’ यातील ‘विणत होतो’ पाहून ‘वुई वेअर वीव्हिंग’ लिहू नये. ती जुनी रीत आहे, आणि तिच्यासाठी ‘वुई यूज्ड टू वीव्ह ओन्ली चादर्स’ असे म्हणतात.

येणाऱ्या दिवसांसाठीही हा काळ चालतो, आणि सुरुवातीला दिलेल्या कसोटीत न बसणारा हा मोठा अपवाद आहे. ठरलेली, दोन्ही बाजूंना माहीत असलेली गोष्ट चालू वर्तमानकाळात सांगतात: ‘द इन्स्पेक्टर इज कमिंग ऑन थर्सडे’. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेसाठी कारखाना बंद राहणार असेल तर ‘वुई आर क्लोजिंग फॉर द सिद्धेश्वर यात्रा’ आणि त्यापुढे तारखा, असे आधीच कळवावे, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास उत्तर का आले नाही असा प्रश्न उरत नाही. छापील वेळापत्रकाला साधा काळ पुरतो: ‘द सिद्धेश्वर एक्सप्रेस लीव्हज सोलापूर ॲट नाइट’.

‘विल बी’ लावून होणारा चालू भविष्यकाळ तुमच्या पत्रांत मला कोठेच दिसला नाही, आणि तो तुम्ही अवश्य वापरावा असे मला वाटते. पैशांची आठवण करून देताना ‘विल यू सेंड द पेमेंट दिस वीक?’ हे वाक्य मागणीसारखे लागते. ‘विल यू बी सेंडिंग द पेमेंट दिस वीक?’ असे विचारले की त्यांच्या ठरलेल्या कामाचीच आपण फक्त विचारपूस करत आहोत असा सौम्य सूर येतो. भिडस्त स्वभावाच्या माणसाला हे वाक्य फार उपयोगी पडते. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड कन्फर्म द शेड’ या वाक्यातही भूतकाळाचा काही संबंध नसून चालू भूतकाळ केवळ अदबीसाठी योजलेला असतो.

सरावासाठी नवे पुस्तक आणण्याची गरज नाही. पाठवून झालेला एखादा ई-मेल छापून घ्यावा, त्यातील प्रत्येक ‘आयएनजी’खाली पेन्सिलीने रेघ ओढावी आणि प्रत्येक रेघेपाशी त्या दिवशी कारखान्यात खरोखर काय घडत होते हे आठवावे. माल मागावर होता की गाडीत चढला होता? काम रोजचे होते की त्या आठवड्यापुरते? विभागातल्या मंडळींना विचारूनच याचे उत्तर मिळत असेल तर उठून विचारावे. वाक्याचा काळ व्याकरणाच्या नियमापेक्षा मालाच्या अवस्थेवर जास्त अवलंबून असतो, आणि ती अवस्था तुमच्याइतकी दुसऱ्या कोणाला माहीत नसते. ई-मेल पाठवण्याआधी हीच तपासणी मनातल्या मनात करता येऊ लागली की पेन्सिल बाजूला ठेवावी.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. ‘हिअरिंग’ हेच बरोबर आहे. ‘लुक फॉरवर्ड टू’ यातील ‘टू’ हे शब्दयोगी आहे, क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येणारे ‘टू’ नव्हे. त्यापुढे नाम लागते, आणि ‘हिअरिंग’ येथे नामाचे काम करते. वाक्याच्या आरंभी ‘आय लुक फॉरवर्ड’ लिहिले तर सूर अधिक औपचारिक होतो, ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड’ लिहिले तर थोडा आपुलकीचा होतो. नव्या खरेदीदाराला पहिले लिहावे, आणि ज्यांच्याशी जुना व्यवहार आहे त्यांना दुसरे लिहायला हरकत नाही.